ऑक्सिजन सेन्सर कधी बदलायचा आणि त्याआधी काय तपासायचं

अ‍ॅव्हरेज दोन-तीन किलोमीटरने उतरलं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला, की गॅरेजमध्ये पहिला संशय ऑक्सिजन सेन्सरवर जातो. बऱ्याचदा तो खराही असतो. पण चांगला सेन्सर काढून नवा बसवायचा आणि आठवड्याने तोच दिवा पुन्हा पेटायचा, असंही नेहमी होतं. म्हणून आधी तपासा, मग पैसे घाला.

हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो आणि त्यावरून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी-जास्त सोडतो. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे त्याचं लक्ष्य. साधा झिरकोनिया सेन्सर मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) असताना ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, लीन (पेट्रोल कमी) असताना ०.१. सुमारे ३०० अंश सेल्सियस तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. कारमध्ये एक सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणारा डबा) आधी आणि एक नंतर असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर दुचाकींतही तो सर्रास आला.

वयाचा अंदाज असा: हीटर नसलेला एक-दोन वायरींचा जुना सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटर चालतो, हीटर असलेला तीन-चार वायरींचा १ लाख ते १ लाख ६० हजार. म्हातारा सेन्सर एकदम मरत नाही, तो सुस्त होतो. दिवा न लावताच कित्येक महिने पेट्रोल खातो. त्यामुळे लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत दिव्याची वाट न बघता पायरी ३ ची तपासणी करून घ्या.

१. ईसीयूने साठवलेला बिघाडाचा कोड स्कॅनरवर वाचा. पी०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरचा हीटर, पी०१४१ म्हणजे दुसऱ्याचा. आधी फ्यूज बघा. मग कपलर (वायरींचा जोड) सोडून सेन्सरच्या बाजूच्या हीटरच्या दोन वायरींमध्ये (बहुधा दोन्ही एकाच रंगाच्या) मल्टिमीटर लावा. थंड सेन्सरमध्ये साधारण २ ते २० ओहम यायला हवेत. सर्किट ओपन दाखवलं तर हीटर तुटला आहे, सेन्सर बदला. पी०१७१ आला तर मात्र घाई नको. मिक्स्चर लीन आहे, एवढंच त्याचं म्हणणं असतं, आणि बऱ्याचदा सेन्सर खरंच बोलत असतो. व्हॅक्यूमचा फाटका पाईप आणि पेट्रोलचं प्रेशर आधी तपासा.

२. एक्झॉस्टची गळती शोधा. थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाईपच्या) जोडाजवळ कान द्या. टिक-टिक आवाज किंवा गॅस्केटच्या कडेला काळी काजळी दिसली तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती जास्तीचा ऑक्सिजन वाटते आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो.

३. स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. इंजिन पूर्ण तापवून २,५०० आरपीएमवर दोन मिनिटं धरा. पहिल्या सेन्सरचा आकडा ०.२ ते ०.८ व्होल्टमध्ये सतत वर-खाली नाचायला हवा, दहा सेकंदांत निदान सात-आठ वेळा. झटका देऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर तो ०.८ च्या वर उडी मारतो, सोडला की खाली येतो. ०.४५ ला चिकटून बसला किंवा रेंगाळत सरकला तर त्याचं आयुष्य संपलं. मागच्या सेन्सरचं उलटं असतं: तो ०.६-०.७ ला जवळजवळ स्थिर हवा. तोही पुढच्यासारखा नाचत असेल तर दोष बहुधा कन्व्हर्टरचा. वाइडबँड सेन्सरला (मिक्स्चर नेमकं मोजणारा नव्या प्रकारचा) हे व्होल्टचे आकडे लागू नाहीत. तिथे स्कॅनरवरचा लॅम्डा (मिक्स्चर बरोबर असेल तर १ दाखवणारा आकडा) बघावा लागतो.

बदलताना इंजिन कोमट असू द्या. पूर्ण थंड झालं की आटे जखडतात, तापलेलं असलं की हात भाजतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा. वायर पिळली जाऊ नये म्हणून कपलर आधी काढा. कारच्या बहुतेक सेन्सरला खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट लागतो. नव्याच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जखडू न देणारी पेस्ट) बहुधा कंपनीतूनच लावलेलं असतं. टोकाला मात्र त्याचा थेंबही लागू देऊ नका. हाताने पूर्ण फिरवून मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा, एम१८ आट्यांना तो बहुधा ४० ते ४५ न्यूटन-मीटर असतो. कपलरमध्ये क्लीनर मारू नका, ग्रीस भरू नका आणि वायर जोडायला सोल्डर वापरू नका, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतात. हातातून पडलेला सेन्सर बसवू नका. आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं आणि वरून दिसत नाही.

जुन्याचं टोक मात्र फेकण्याआधी उजेडात धरा. फिकट तपकिरी असेल तर वयानेच गेला. भुकटीसारखी काळी काजळी म्हणजे मिक्स्चर रिच. पांढरा थर दिसला तर कूलंट जळतं आहे किंवा कोणीतरी साधं सिलिकॉन सीलंट वापरलं आहे. तेलकट काळं टोक म्हणजे इंजिन ऑइल जाळतं आहे. ही कारणं तशीच ठेवली तर नवा सेन्सरही काही महिन्यांत जाईल.

शेवटी कोड पुसा, शहरात आणि हायवेवर मिळून तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवा आणि स्कॅनरवर फ्यूल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत राहिला तर काम नीट झालं. पेट्रोल कारची पीयूसी करताना लॅम्डाचा आकडाही विचारून घ्या. जास्त आरपीएमच्या चाचणीत तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा.