मराठी मजकुराची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना

दुसऱ्या संगणकावर उघडलेली मराठी फाइल वाचता येईना, की बहुतेक जण आधी फॉन्ट बदलून पाहतात, मग इकडेतिकडे काही दुरुस्त करून बघतात आणि अखेर फाइल जतन करून बंद करतात. यातले जतन करणे घातक ठरते. तोवर फाइलमधील मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. जतन केल्यावर मात्र चुकीच्या वाचनातून तयार झालेला मजकूर त्यांची जागा घेतो. म्हणून आलेल्या फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी, तिच्यावर केवळ वाचनाची परवानगी लावावी आणि पुढचे सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. शक्य असेल तर पाठवणाऱ्याच्या संगणकावर आणि आपल्या संगणकावर त्याच फाइलचा एसएचए-२५६ (फाइलमधील सर्व बाइटांवरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) काढून पाहावा. दोन्हीकडे तो सारखा आला, तर फाइल वाटेत बिघडलेली नाही आणि दोष तिच्या वाचनात किंवा पाठवण्याआधीच्या जतनात शोधायचा, एवढे निश्चित होते.

पडद्यावर नेमके काय दिसते, यावरून बिघाड बराचसा ओळखता येतो. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. मजकुराला धक्का लागलेला नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्यामागे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि वाचणारा प्रोग्राम तिला विंडोज-१२५२ समजत आहे. ही दोन्ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धती; पहिलीत देवनागरी मावते, दुसरी रोमन लिपीसाठी आहे. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक चिन्ह-यादीच्या मुख्य देवनागरी विभागातील १२८ स्थाने यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइटांत लिहिली जातात; त्यांतला पहिला बाइट (येथे बाइट षोडशमान पद्धतीने दोन चिन्हांत लिहिले आहेत) नेहमी ई० असतो आणि दुसरा ए४ किंवा ए५, त्यामुळे ही खूण सहसा चुकत नाही. अशा वेळी एडिटरमधून फाइल यूटीएफ-८ म्हणून पुन्हा उघडली की काम होते.

काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह याच्या उलट सांगते: प्रोग्राम यूटीएफ-८ समजून वाचत आहे, पण बाइट यूटीएफ-८ चे नाहीत. मराठी अक्षरांच्या जागी साधी प्रश्नचिन्हे असणे मात्र सर्वांत वाईट. देवनागरीला जागाच नसलेल्या एन्कोडिंगमध्ये जतन करताना प्रत्येक अक्षराऐवजी ३एफ हा एकच बाइट लिहिला गेला असेल, तर मूळ अक्षर कोणत्याही साधनाने परत येत नाही आणि फाइल पुन्हा मागवावी लागते. शंका असल्यास फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडावी. ‘म’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये ई० ए४ एई असे दिसते. फाइलच्या सुरुवातीला एफएफ एफई असून पुढे देवनागरी मजकुरात एकाआड एक ०९ येत असेल, तर ती यूटीएफ-१६ आहे, म्हणजे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत लिहिणारी युनिकोडची दुसरी पद्धत.

या सर्वांहून वेगळा प्रकार कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकुराचा. तेथे फाइलमध्ये देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात आणि फॉन्ट नसला की उरते ते अर्थहीन रोमन. एन्कोडिंग बदलून येथे काही साधत नाही. नेमका तोच फॉन्ट जाणणारा परिवर्तक लागतो, आणि मजकुरात मधूनमधून खरे इंग्रजी शब्द असतील तर ते आधी बाजूला काढावे लागतात, नाहीतर त्यांचेही देवनागरीत कडबोळे होते. या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. म्हणून परिवर्तनानंतर ‘निर्मिती’, ‘कार्यकर्ते’ असे शब्द डोळ्यांखालून घालावेत.

चुकीचे वाचलेले यूटीएफ-८ कोणी तसेच जतन केले असेल, तर मजकूर दोनदा एन्कोड होतो. उपाय उलट दिशेने जाण्याचा आहे: फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचावी, विंडोज-१२५२ मध्ये रूपांतरित करावी आणि मिळालेले बाइट पुन्हा यूटीएफ-८ म्हणून वाचावेत. लिनक्सवर आयकॉन्व्ह ही आज्ञा एवढे करते. पण मराठीच्या बाबतीत येथे एक मोठी अडचण आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी ही पाच स्थाने रिकामी आहेत, आणि हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी, पहिल्या उकाराचा ८१, ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९० आणि ‘झ’चा ९डी आहे. काही प्रोग्राम हे बाइट अदृश्य नियंत्रण-चिन्हे म्हणून सांभाळतात. तसे असेल तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील एफटीएफवाय हे तयार साधन वापरून मजकूर पूर्ण परत मिळतो, कारण ते या पाच स्थानांची दखल घेते. काही प्रोग्राम मात्र ते टाकून देतात, आणि मग सगळी जोडाक्षरे व उकार एकदम जातात. ई० ए५ नंतर बाइट नसेल तर तेथे हलन्त होता की उकार, हे यंत्राला सांगता येत नाही. मजकूर समजणाऱ्या माणसानेच ते भरावे लागते.

हे घडते ते बहुतेक वेळा सीएसव्ही फाइलींत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या तक्त्यांच्या फाइलींत. एक्सेलमध्ये जतन करताना साधा ‘सीएसव्ही’ प्रकार निवडला तर सर्व मराठी प्रश्नचिन्हांत बदलते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. आलेली सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडू नये. ‘डेटा’ टॅबमधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्यावी आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ (यूटीएफ-८ चा क्रमांक) निवडावे. एक्सेल जतन करताना फाइलच्या आरंभी ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट घालते. त्यांच्यामुळे एक्सेलला एन्कोडिंग कळते, पण दुसऱ्या प्रोग्रामला पहिल्या स्तंभाचे ‘नाव’ हे शीर्षक सापडत नाही, कारण त्याच्याआधी न दिसणारे एक चिन्ह चिकटलेले असते. अशा प्रोग्रामला फाइल देण्यापूर्वी ते काढून टाकावे.

एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या एका पद्धतीने) पाठवताना बायनरी, म्हणजे बाइट न बदलणारी, पद्धत ठेवावी. मजकूर पद्धतीत ओळ संपवणारा ०ए हा बाइट सापडेल तेथे विंडोजसाठी त्याच्याआधी ०डी घातला जातो. यूटीएफ-८ मधील देवनागरीत हा बाइट कधीच येत नाही, पण यूटीएफ-१६ मध्ये ‘ऊ’ हे अक्षर ०ए आणि ०९ या दोन बाइटांचे असते. त्यामुळे यादीत ‘ऊस’ आला की पुढचा मजकूर एका बाइटाने सरकतो आणि भलतीच अक्षरे दिसू लागतात.

डेटाबेसमध्ये भरताना स्तंभाची लांबी बाइटांत मोजली जाते की अक्षरांत, हे आधी पाहावे. ‘महाराष्ट्र’ या शब्दात युनिकोडची १० चिन्हे आणि ३० बाइट आहेत. २० बाइटांच्या रकान्यात तो मावत नाही आणि काही प्रणाली तो सूचना न देता मध्येच तोडतात. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत तक्ता आणि जोडणी दोन्हींसाठी यूटीएफ८एमबी४ (तिच्यातील पूर्ण यूटीएफ-८) ठरवावे. तक्ता बरोबर असूनही जोडणी लॅटिन१ (रोमन लिपीचे एन्कोडिंग) राहिल्यामुळे दुहेरी एन्कोडिंग झाल्याची उदाहरणे जुन्या स्थापनांत नेहमी सापडतात.

‘कऱ्हाड’सारखे शब्द दिसायला अगदी सारखे, पण बाइटांत वेगळे असू शकतात. कोणी ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, कोणी र, हलन्त आणि शून्यरुंदी जोडक (अक्षरे जोडणारे, न दिसणारे चिन्ह). शिवाय मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर फाइलनावातील ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात, त्यामुळे लिनक्सवर नेलेल्या फाइलीचे नाव शोधून सापडत नाही. हे तुकडे एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपांतराने पुन्हा जुळतात. जोडकाचा प्रकार मात्र शोधा-आणि-बदला करूनच एकसारखा करावा लागतो.

मोठी यादी पाठवण्यापूर्वी एकाच ओळीची फाइल त्याच मार्गाने पाठवून पाहावी. तिच्यात ‘ऊस, कऱ्हाड, झुंज, ऐपत, ज्ञानेश्वर, ₹’ एवढे लिहावे आणि पलीकडच्याने ती नुसती उघडून न पाहता, आपल्या प्रोग्राममध्ये भरून, तेथून बाहेर काढून परत पाठवावी.