मानवी भूगोल फोनवरनं शिकवायचाय? आधी पाण्याचा दिवस विचारा

सोलापुरातल्या मोठ्या माणसांना, म्हणजे दिवसभर कापडाच्या लूमवर उभे असणारे नाहीतर विड्या वळत बसणाऱ्या बायका, यांना घरबसल्या मानवी भूगोल शिकवायचा असेल तर सिलॅबस नंतर उघडा. आधी प्रत्येकाची शिफ्ट कुठली आणि नळाला पाणी कधी, हे विचारून वहीत लिहून घ्या. आपल्याकडं काही दिवसांआड पाणी, त्याच वेळेला ऑनलाइन तास ठेवला तर बसणार कोण? मी ठेवला होता. तिघी आल्या, त्यातली एक फोन खिडकीत टेकवून हंडे भरत होती.

मटेरियल छोटं करा. जाडजूड पीडीएफ कोणी उघडत नाही, त्यात फोन बऱ्याचदा पोराचा, तो बाहेर गेला की पुस्तक पण गेलं. सात-आठ मिनिटांचे ऑडिओ बरे, विडी वळताना कान रिकामेच असतात. लूमवाल्यांना मात्र त्या खटखटीत काय ऐकू येणार, त्यांना एका पानाचा फोटो पाठवा, मोठ्या अक्षरात.

आकडे २०११ च्या जनगणनेचेच काढून ठेवा, जुने आहेत हे सांगून. जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६, क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर, भागाकार त्यांनाच करू दे, घनता, म्हणजे एका चौरस किलोमीटरमागं माणसं, २९० च्या आसपास येते, तिच्या बाजूला महाराष्ट्राची ३६५ ठेवा. लगेच कोणीतरी म्हणतंच की आमच्या गल्लीत तर पाय ठेवायला जागा नाही, तिथनं सरासरी म्हणजे काय ते शिकवून होतं.

जास्त वेळ स्थलांतराला राखून ठेवा. रेव्हेन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञानं १८८५ मध्ये मांडलं होतं की जवळच्या अंतरात पुरुषांपेक्षा बायकाच जास्त स्थलांतर करतात, आणि आपल्या जनगणनेतही बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न. हे पाठवलं तर एकीचा व्हॉइस नोट आला, "मॅडम, मी कुठं स्थलांतर केलंय, मी इंडीहून लग्न होऊन आले की!" तेव्हापासून पहिला स्वाध्याय ठरलेला : आजी कुठली, आई कुठली, तुम्ही कुठल्या, कोऱ्या कागदावर बाण काढा आणि प्रत्येक बाणावर घरात कुठली भाषा बोलायचे ते लिहा. विणकरांच्या घरातले बाण तेलंगणाकडनं येतात, अक्कलकोटकडच्यांचे कर्नाटकातनं, मराठी-तेलुगु-कन्नड-उर्दू सगळं एका बॅचमध्ये निघतं, वेगळं उदाहरण शोधत बसायला नको.

स्वाध्यायाचा फोटो दिवसा उजेडात काढायला सांगा, रात्रीच्या फोटोत निम्म्या पानावर हाताची सावली असते. आणि संपर्क सत्राला, म्हणजे समोरासमोरच्या तासाला, जाताना नकाशाचे स्टेन्सिल, पेन्सिली चार जास्त न्या, निम्मे जण विसरूनच येतात.