मत्स्यजिऱ्यांच्या टाकीवरचा बल्ब आजच काढा

पाऊस सुरू झाला, माशांची अंडी फुटायला लागली आणि टाकीच्या कोपऱ्यावर रात्रभर जळणारे बल्ब पुन्हा दिसू लागले. आधी तो बल्ब काढा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

दर हंगामात हेच बघतो. रोहू-कटल्याचे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिलं, उजेडाकडे धावतात. सगळे बल्बखालच्या हातभर पाण्यात दाटतात, तिथला प्राणवायू संपतो आणि सकाळी कोपऱ्यात पांढरा थर साचलेला असतो. टाकीच्या बाकी भागातलं पाणी ठणठणीत, म्हणून दोष बियाण्याला. मग दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो, नाहीतर ‘वाढीचा’ रंगीत दिवा. म्हणजे आणखी एक बल्ब!

पण म्हणून टाकीत काळोखही करू नका. पिलाच्या पोटाशी असलेली बलकाची पिशवी साधारण 3 दिवस पुरते, तोवर सावलीच बरी. पुढे पिलू डोळ्यांनी भक्ष्य हेरतं. अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी त्याच्या डोळ्यात उशिरा तयार होतात, त्यामुळे अंधाऱ्या टाकीत खाद्य समोर असूनही ते उपाशी राहतं. दिवसा वरून सगळीकडे सारखा उजेड हवा, थेट ऊन नको. भर दुपारचं ऊन 1 लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जातं आणि उथळ पाण्यात अतिनील किरण कोवळ्या जिवाला भाजतात. चार दिवस ढग राहून एकदम ऊन पडतं तेव्हा धावपळ होते; सावलीची जाळी ढग असतानाच बांधा. आतून गडद भिंतीच्या टाकीत पिलं कडेला कमी घुटमळतात, असा माझा अंदाज.

मागुर या मिशीवाल्या माशाचं उलटं आहे. त्याची पिलं अंधार शोधतात, टाकी झाकूनच ठेवा.

रात्री बघायचंच असेल तर बॅटरी छताकडे धरा. वीज येताच भपकन दिवे लागले की पिलं बिथरतात. टाकीजवळची बटणं बंदच ठेवा.

टाकीतले जिरे पुढे ज्यात वाढवतात त्या संगोपन तळ्याची नेहमीची कामं:
- कीटक मारायला हेक्टरी 56 किलो खाद्यतेल व 18 किलो साबण, जिरे सोडण्याच्या 12 ते 24 तास आधी, वारा नसताना
- जिरे हेक्टरी 30 ते 50 लाख
- खाद्य म्हणून शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा, 1:1, बारीक चाळून
- जिऱ्यांची पिशवी आधी तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवा. जिरे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा

आणि तळ्याकाठीही बल्ब नको. पाठीवर पोहणारे किडे रात्री उजेडावर उडत येतात, पाण्यात उतरतात आणि जिरेच खातात. तेल-साबणाचा खर्च तिथेच बुडतो.