मृगाआधी घराबाहेर काढायचं सामान

लाकडं भरून झाली, कौलं परतून झाली, आगोट म्हणजे पावसाआधीची बेगमी संपत आली की एक दुपार माळ्यावरच्या आणि खोपीतल्या विषारी कचऱ्यासाठी राखून ठेवा. मृग लागायच्या आत, कारण आपल्या कोकणात पायाखाली जांभा दगड आहे आणि जांभा म्हणजे चाळणच. मागीलदारी खड्ड्यात पुरलेलं पावसाबरोबर झिरपत विहिरीची वाट धरतं. पुरलं की संपलं, हे माशाच्या काट्यांपुरतं ठीक होतं.

आपली दुसरी खोड साठवायची. ती वाईट नव्हे. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, उरलेले कपडे बोहारणीला देऊन टोप घरात यायचा. इंग्लंडात बॅटली गावी बेंजामिन लॉने १८१३ साली लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा कापड केलं, त्याचं नाव इतिहासात राहिलं. आमच्या आजीच्या गोधडीला कोण विचारतो! पण हाच काटकसरीपणा फवारणीच्या बाटलीला लावू नका. न्हाणीघरात तांब्या म्हणून कापलेला औषधाचा कॅन मी डोळ्यांनी पाहिलाय.

म्हणून सुरुवात खोपीतून. तुडतुड्यांवर मारलेल्या औषधाची बाटली संपली की तेव्हाच तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं असतं. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, किंवा विहिरीच्या काठावर धुवायची नाही. खळबळलेल्या बाटलीला भोक पाडा, म्हणजे कोणी तिच्यात गोडेतेल भरणार नाही. अर्धवट भरलेल्या बाटल्यांची बुचं घट्ट करून त्या वेगळ्या पोत्यात उभ्या ठेवा. वाळक्या पानांच्या पातेऱ्याबरोबर जाळायचं मनातही आणू नका.

मग घर. जुन्या (एलईडी नसलेल्या) ट्यूब आणि सीएफएल दिव्यांमध्ये पारा असतो, तेव्हा त्या जुन्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करून बरणीत बंद करा. केरसुणी मारलीत तर पारा घरभर. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात. कचरा उचलणाऱ्या माणसाचा हात आठवा. मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या पिशवीत. फुगलेल्या मोबाइल बॅटरीला टोचू नका, टोकांना चिकटपट्टी लावा.

इन्व्हर्टरची बॅटरी भंगारवाल्याला देण्याआधी दुकानदाराला विचारा. जुनी परत घ्यायची जबाबदारी विक्रेत्यावर २००१ च्या नियमांपासून होती, शिवाय नवीच्या किमतीत सूट मिळते. भंगारात गेली की आतलं आम्ल कुठेतरी गटारात ओततात.

बाकीच्या मालाचं काय? २०१६ च्या घनकचरा नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि शहरांत दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं होतं. आमच्या बाजूला चौकशी केली तर 'कसलं केंद्र?' असा उलटा प्रश्न आला. म्हणून आधी जवळच्या नगरपरिषदेत फोन करा, मगच टेम्पो सांगा. वाडीतल्या चार घरांनी एकत्र नेलं तर भाडंही परवडतं.

जे यंदा जाणार नाही ते माळ्यावर, मुलांच्या हाताबाहेर आणि पुराच्या रेषेच्या वर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा जमिनीवरचं काहीच जागेवर राहिलं नव्हतं. पोत्यावर खडूने नको, पावसाळी दमटपणात पुसून जातो. ऑइलपेंटने 'विष' लिहा.