स्टारड्यू व्हॅली: स्टीमवर अपडेट आपोआप येतं, गॉगच्या इन्स्टॉलरला आपणच करायचं

19 मार्च 2024 ला स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेमचं 1.6 व्हर्जन आलं, त्यानंतर बहिणीने सोबत खेळायला शेत उघडून मला इन्व्हाइट कोड पाठवला आणि मी काही केल्या जॉइन होईना. तिचा गेम स्टीम या गेम विकणाऱ्या अ‍ॅपवरचा, तो आपोआप अपडेट झालेला, माझा गॉग या दुसऱ्या दुकानाचा ऑफलाइन इन्स्टॉलर (एकदा डाउनलोड करून चालवायची फाइल) वापरून टाकलेला, तो अजून 1.5.6 वरच. स्टीमवाले आणि गॉगवाले यात एकत्र खेळू शकतात पण व्हर्जन दोघांचं सेम लागतं.

फरक असा आहे की स्टीम मागे चालूच असतं, नवीन काही आलं की तेच बघतं आणि फाइल्सचे साधारण 1 एमबीचे तुकडे असतात त्यातले बदललेले तेवढेच उतरवतं. ऑफलाइन इन्स्टॉलरमागे असं कोणी नाही, गेम टाकला की संपलं, तो तुम्हाला सांगणारही नाही की नवीन आलंय. अकाउंटमध्ये लायब्ररी उघडून बघायचं, आणि बऱ्याचदा अख्खा इन्स्टॉलर पुन्हा डाउनलोड करायचा. शिवाय तो कधीकधी उशिराने येतो, मग थांबायचं. स्टीमवाल्या मित्राकडून फाइल्स कॉपी करून आपल्या फोल्डरवर टाकू नका प्लीज, आतल्या स्टीमच्या आणि गॉगच्या फाइल्स वेगळ्या असतात, गेम उघडेलच असं नाही.

आता अपडेट कसं करायचं. सगळ्यात आधी सेव्ह, बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे नाही. विंडोजवर अ‍ॅपडेटा, मग रोमिंग, मग स्टारड्यू व्हॅलीचं फोल्डर, त्यात सेव्ह्ज, ते अख्खं उचलून पेनड्राइव्हवर कॉपी करा. 1.6 मध्ये सेव्ह केलेलं शेत परत 1.5.6 मध्ये उघडत नाही, आणि नुसत्या इन्स्टॉलरवर खेळत असाल तर क्लाउड सेव्हही नाही, म्हणजे दोनशे तास खेळलेलं शेत फक्त तुमच्या डिस्कवर आहे.

मॉड्स, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल, वापरत असाल तर गेमच्या फोल्डरमधलं मॉड्सचं फोल्डरही बाजूला कॉपी करा. मग जुना गेम अनइन्स्टॉल न करता नवीन इन्स्टॉलर त्याच जागी चालवा. त्यानंतर आधी स्मापी (मॉड्स चालवणारा प्रोग्राम) नवीन टाका आणि मग एकेक मॉड, कारण मोठ्या अपडेटनंतर जुने मॉड्स हमखास बिघडतात आणि सगळे एकदम टाकले तर कोणता बिघडलाय तेच कळत नाही.

स्टीमवाल्यांचं उलटं दुखणं, त्यांना मॉड्ससाठी अपडेट थांबवायचं असतं. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या अपडेट्समध्ये फक्त लॉन्च करताना अपडेट करायचा पर्याय आहे, पण स्टीममधून प्ले दाबलं की ते होणारच, कायमचं नको असं काही तिथे नाही. काही गेम्सची जुनी व्हर्जन्स बीटाज टॅबमध्ये मिळतात, पण ती डेव्हलपरने ठेवली असतील तरच.

मला विचाराल तर गॉग गॅलक्सी, म्हणजे गॉगचं स्वतःचं अ‍ॅप, हा मधला मार्ग चांगला आहे, त्यात ऑटो अपडेट बंद करता येतं आणि बऱ्याच गेम्सना मागच्या व्हर्जनवरही जाता येतं. तरी मी जुना इन्स्टॉलर डिलीट करत नाही, सेव्हची कॉपी आणि तो एकाच फोल्डरमध्ये, फोल्डरला नाव व्हर्जनचं.