मोबिलिटी स्कूटर ओढत नाही, मध्येच बंद पडते? आधी मीटर लावा, मग पार्ट मागवा

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात वयस्कर माणसांकडे, पाय अधू असलेल्यांकडे ती हँडलला लिव्हर असलेली तीन-चार चाकी बॅटरीची स्कूटर आता बऱ्यापैकी दिसायलीय, पण बिघडली की बघणारा कोण मिळत नाही. टू-व्हीलरवाला हात लावत नाही, आणि कुणाला विचारलं की पहिलं उत्तर "कंट्रोलर गेला असणार". कंट्रोलर म्हणजे मोटरला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तो महाग असतोय, आणि चढाला दम सोडणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा दोष बॅटरीत नाहीतर ढिल्या कनेक्शनमध्ये निघतोय. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. घरात एक साधा मल्टिमीटर पाहिजे, बस.

काम सुरू करायच्या आधी गाडी सपाट जागेवर घ्या आणि मागची चाकं विटा लावून जमिनीवरून उचला. आणि मोटर मोकळी करायचा जो फ्रीव्हीलचा लिव्हर असतोय मागं, तो उतारावर अजिबात ओढायचा नाही, कारण या गाडीचा मेन ब्रेक मोटरवरच असतोय आणि लिव्हर ओढला की तो सुटतोय, वर माणूस बसलेला असला तर गाडी सरळ खाली जाईल. घरातल्या पोरांनाही हे एकदा दाखवून ठेवा.

गाडी एकदम मेलेली आहे, लाईटसुद्धा नाही, तर चार्जरची पिन काढली का बघा, कारण चार्जर लावलेला असताना बऱ्याच गाड्या मुद्दामच चालत नाहीत. मग सीटखाली नाहीतर बॅटरी बॉक्सजवळ एक छोटं बटण असतंय, ब्रेकरचं (जास्त करंट गेला की लाईन तोडणारं), ते बाहेर आलेलं असलं तर पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि दाबा. परत परत बाहेर येत असलं तर दाबत बसू नका, कुठंतरी शॉर्ट आहे नाहीतर मोटर जाम आहे.

लाईट लागतेय पण गाडी हलत नाही, असं असलं तर फ्रीव्हीलचा लिव्हर ड्राइव्हला आहे का बघा, पुसताना-ढकलताना तो हमखास तसाच राहतोय. चावी फिरवताना अंगठा हँडलच्या लिव्हरवर असला तरी गाडी लॉक होते, हात सोडून चावी बंद करून परत चालू करा. हँडलचा लिव्हर दाबल्यावर मागून "टक्" असा आवाज आला पाहिजे, तो मॅग्नेटिक ब्रेक सुटल्याचा. टक् झालं पण मोटर गप्प असली तर मोटरचे कार्बन ब्रश संपले असतील. उघडल्यावर काळी भुकटी पडते, कार्बन आखूड झालेला दिसतोय, हे मोटर रिवाइंडिंगवाला बघू शकतो, पंपाच्या मोटरी भरणारे आपल्याकडे गावोगावी आहेत, त्यांना कार्बन नवीन नाही.

आता खरा त्रास. चालतेय पण स्लो, आणि चढ आला की जीव जातोय. हँडलवर कासव-सशाचं चित्र असलेला खटका असतोय काही गाड्यांना, तो कासवावर गेला की स्पीड निम्मी, आधी ते बघा. चाकात हवा कमी असली तरी ओढ जाते, पंक्चरवाल्याकडं जाऊन या. स्पीडचा गोल नॉब हळूहळू फिरवा, मधल्याच एका जागी चाक गचके देत असलं तर नॉबच्या आतला पॉट (स्पीड कमी-जास्त करणारा पार्ट) खराब, तो स्वस्तात बदलतोय.

एवढं करून फरक नाही, तर बॅटरी. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागं एक जोडलेल्या असतात, मिळून २४. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढा, दोन तास तशीच ठेवा, मग मीटर लावा. चांगली बॅटरी एकेक १२.७ च्या आसपास दाखवते, दोन्ही मिळून २५.४ किंवा थोडं वर. पण इथंच लोक फसतात! उभ्या गाडीत मेलेली बॅटरीसुद्धा १२.६ दाखवते आणि चढावर १० ला येते. म्हणून लोड देऊन बघायचं. कारच्या हेडलाईटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब घ्या, बॅटरी गाडीतून काढा, एकेका बॅटरीला वेगळा लावा, बल्ब फरशीवर ठेवा कारण चटका बसण्याइतका तापतोय. हा बल्ब साडेचार अँपियरच्या आसपास ओढतोय. अर्धा तास जळू द्या आणि बल्ब लागलेला असतानाच दर पाच मिनिटांनी मीटर बघून कागदावर लिहा. १२ अँपियर-अवरची (ही क्षमता बॅटरीवर लिहिलेली असते) चांगली बॅटरी अर्ध्या तासानंतरही १२ च्या वर राहते. एक १२.२ ला टिकून आहे आणि दुसरी ११.५ च्या खाली घसरली, तर चोर सापडला.

मग वाटतं एकच बदलावी. तसं करू नका. एक नवा दमाचा बैल आणि एक थकलेला एकाच जुवाला जोडल्यासारखं होतंय, जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही घेऊन बसते. दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या, एकाच वेळच्या घ्या. आणि कृषी सेवा केंद्रात फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी मिळते, साइज बसते म्हणून ती टाकायचा मोह होतोय, पंप दोन-तीन अँपियरच ओढतोय हो, स्कूटर चढाला वीस-तीस ओढते, ती बॅटरी टिकणार नाही. डीप सायकल, म्हणजे खोलवर रिकामी होऊन परत परत चार्ज होणारी, असं लिहिलेलीच मागा.

बॅटऱ्या चांगल्या निघाल्या तर कनेक्शन बघा, आणि आपल्याकडच्या पावसात, खानापूरच्या बाजूला तर विशेष, हे आधीच बघितलं तरी चालेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी, पिना काळ्या, एखाद्या प्लगचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, हे दिसलं की समजायचं तिथं करंट अडतोय आणि तापतोय. प्लग हाताला गरम लागला तरी तोच. पाना वापरताना पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, बोटातली अंगठी काढा, आधी मायनस सोडा. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल ब्रशनं घासा, पूर्ण सुकवा, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. वितळलेला प्लग साफ करून चालत नाही, बदलायचाच.

चार्जरवरही नजर पाहिजे. चार्जिंग चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून मीटर लावला तर आकडा चढत २८-२९ पर्यंत गेला पाहिजे, २५ वरच अडकला तर एकतर चार्जर नाहीतर बॅटरी गेलीय. आणि पावसाळ्यात लाईट जायली की चार्जिंग अर्धवट राहतंय, सकाळी हिरवा दिवा बघितल्याशिवाय आज्जींना बाजारात पाठवू नका. आजोबा दोन महिने पुण्याला मुलाकडं गेले तर इथं गाडी महिन्यातून एकदा तरी चार्ज करा, नाहीतर बॅटरी इतकी खाली जाते की चार्जर तिला ओळखतच नाही.

या सगळ्यानंतरही लाईट ठरावीक वेळा लुकलुकत असली तर ते ब्लिंक मोजा, मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतोय, मेकॅनिकला तो आकडा आणि बल्बवाला कागद दोन्ही द्या. स्पीड वाढते म्हणून तिसरी बॅटरी जोडायला कोण सांगितलं तर अजिबात ऐकू नका, कंट्रोलर जळेल, आणि माणूस पडला तर हाड जुळायला महिने जातात.

दुरुस्त झाल्यावर पहिली फेरी अंगणात, नॉब कमीवर ठेवून. मग थोड्या उतारावर हँडलचा लिव्हर (फ्रीव्हीलचा नव्हे) सोडून बघा, गाडी जागेवर थांबली पाहिजे. रिव्हर्सही बघा. मगच रस्त्यावर.