वजाबाकीआधी ओल तपासा: उपग्रहावरून बर्फाची खोली काढताना

उपग्रहाचा डेटा हातात आला की बहुतेक जण थेट वजाबाकीला बसतात: एका वारंवारतेच्या आकड्यातून दुसरीचा वजा, आणि त्या फरकावरून बर्फाची खोली. मी आधी एकच बघतो, बर्फ कोरडा आहे का? ओला असेल तर पुढचं सगळं गणित पाण्यात.

डेटा जपानच्या एएमएसआर-२ चा घ्या. उपग्रहावरचा हा रेडिओमीटर (लहरी मोजणारं यंत्र) स्वतः काही सोडत नाही. जमिनीतून आपसूक निघणाऱ्या मायक्रोवेव्ह तेवढ्या टिपतो. आडव्या ध्रुवणाचे (म्हणजे आडव्या दिशेत कंप पावणाऱ्या लहरींचे) दोन चॅनेल लागतील, १८.७ आणि ३६.५ गिगाहर्ट्झ. बोलताना सगळे १९ आणि ३७ च म्हणतात. उपग्रहाची फेरी रात्री दीडची निवडा, दुपारची नको. उन्हात वरचा थर पाझरू लागतो. फाइलमधले आकडे १०० ने भागले की केल्विन मिळतात.

३७ ची लहर जेमतेम ८ मिलिमीटरची, १९ ची दुप्पट. बर्फाच्या बारीक कणांवर आपटून ३७ ची जास्त विखुरते, १९ ची बरीचशी सुटून वर येते. थर जाड होईल तसं ३७ चं ब्राइटनेस टेम्परेचर, म्हणजे केल्विनमध्ये सांगितलेली लहरींची तीव्रता, घसरतं. समजा १९ वर २४५ केल्विन आहे, ३७ वर २२५. फरक २०. चँग आणि सहकाऱ्यांच्या १९८७ च्या सूत्राप्रमाणे त्याला १.५९ ने गुणा: खोली सुमारे ३२ सेंटिमीटर. ४.८ ने गुणलंत तर बर्फातलं पाणी, म्हणजे सगळा बर्फ वितळला तर साचेल तेवढं, ९६ मिलिमीटर.

आता ओलीचं. बर्फात एक-दोन टक्के पाणी सुटलं तरी ते लहरी शोषून घेतं आणि स्वतःच उत्सर्जन करू लागतं. ३७ चा आकडा दणकन वर चढतो, फरक जवळजवळ शून्य होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि सूत्र म्हणतं काहीच नाही! म्हणून आठवडाभराचे आकडे आलेखावर मांडा. अशी उडी दिसली की तो दिवस खोलीच्या हिशोबातून काढा, पण तारीख लिहून ठेवा. वितळण्याची सुरुवात इतक्या स्वस्तात दुसरीकडे कळत नाही.

हिमवृष्टी नसताना फरक वाढतोय? मग तळाचे कण मोठे झालेत, थर नव्हे. कडाक्याच्या थंडीत पातळ बर्फाखाली हे हमखास होतं. बर्फातलं पाणी १५० मिलिमीटरच्या वर गेलं की आकड्यावर माझा विश्वास नाही. दाट जंगलातही नाही. झाडं आपल्याच लहरी मिसळतात. डोंगराळ भागात तर ही पद्धत नकोच, कारण १९ चा एक ठिपका, म्हणजे एका आकड्यात मोजला जाणारा जमिनीचा तुकडा, १४ बाय २२ किलोमीटरचा असतो, आणि त्यात शिखर, दरी, गोठलेलं तळं सगळं एकत्र येतं.